जिना, उंबरा आणि घरातली कुत्री-मांजरं: रोबोट व्हॅक्यूमबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात केर-लादीच्या मशीन्सबद्दल लिहिताना मी शेवटी एकच ओळ टाकली होती, की ज्यांच्या घरी जिनाही आहे आणि प्राणीही आहेत त्यांनी रोबोट घेण्याआधी घर एकदा खाली बसून बघावं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा अंक पूर्ण त्यालाच दिलाय. आमच्या घरी दोन मजले आहेत, अकरा वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री आहे राणी, दोन मांजरी आहेत आणि रोबोट चार वर्षं चालतोय, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं स्वतः करून बघितलेलं आहे.

ताई, आमचं नाशिकला रो-हाऊस आहे, खाली हॉल-किचन आणि वर तीन बेडरूम. लॅब्रेडॉर आहे, त्याचे केस अक्षरशः डाळीत सापडतात. रोबोट घ्यायचाय पण तो जिन्यावरून पडेल का ही भीती आहे, आणि दोन मजल्यांना दोन मशीन घ्यायची की एकच पुरेल?

पडण्याचं आधी सांगते. रोबोटच्या पोटाखाली कडेकडेने छोटे सेन्सर असतात, ते फरशीवर इन्फ्रारेड उजेड टाकतात, तो परत आला की खाली जमीन आहे आणि नाही आला की पुढे खड्डा आहे, एवढंच त्याला कळतं आणि तेवढ्यावर तो जिन्याच्या तोंडाशी थांबून मागे वळतो. साधारण उंचीच्या जिन्यावर हे नीट चालतं. घोळ होतो तो छोट्या पायरीचा. बऱ्याच रो-हाऊसमध्ये बैठक एक-दीड इंच खोल असते किंवा बाथरूमकडे जाताना छोटा उतार असतो, तिथे काही मशीनना खड्डा वाटतच नाही, ते खाली उतरतात आणि मग चढता येत नाही कारण बहुतेक रोबोट दोनेक सेंटिमीटरच्या वर चढत नाहीत. म्हणून मशीन आल्यावर पहिले दोन दिवस तुम्ही घरात असतानाच चालवा आणि जिन्याच्या तोंडाशी हात पुढे धरून स्वतः उभे राहा, एकदा नाही, चार-पाच वेळा, सकाळच्या उन्हातही आणि संध्याकाळी दिवे लावल्यावरही, कारण खिडकीतून थेट ऊन त्या जागेवर पडत असेल तर सेन्सर गोंधळू शकतात.

आता एक की दोन. डोक्यावर गोल चकतीसारखा लेझर असलेलं मशीन घेतलंत तर त्यात तीन-चार मजल्यांचे मॅप ठेवता येतात. वर नेऊन ठेवलं की ते आजूबाजूला बघून कुठला मजला आहे ते ओळखतं, नाही ओळखलं तर ॲपमध्ये मजला निवडायचा. वरच्या मजल्यावर डॉक, म्हणजे मशीनचा चार्जिंगचा तळ, नसेल तर काम संपल्यावर ते जिथून निघालं तिथे येऊन थांबतं, मग उचलून खाली आणून चार्जिंगला लावायचं. दर वेळी वर एकाच जागी ठेवायची सवय लावा, आमच्याकडे ती जागा म्हणजे कपाटाशेजारची तिसरी फरशी. उचलताना दोन्ही हातांनी खालून धरा, लेझरच्या टोपीला धरून उचलू नका, आणि पाण्याची टाकी भरलेली असेल तर आधी काढून ठेवा नाहीतर जिनाभर पाणी सांडतं आणि ओल्या पायरीवरून तुमचाच पाय घसरतो.

पण खरं सांगू का, हे उचलून नेणं पहिला महिनाभर होतं. मग पाहुणे येतात, पाठ दुखते, पाऊस पडतो आणि वरच्या मजल्याचा नंबर लागतच नाही. तुमच्या घरी कोणाचे गुडघे दुखत असतील तर खाली चांगलं मशीन आणि वर एक साधं, बिनपोछ्याचं, स्वस्तातलं मशीन, हे मला जास्त टिकणारं वाटतं. कुत्रा वर जात नसेल तर मग एकच बास. २०२५ मध्ये बर्लिनच्या इफा प्रदर्शनात ड्रीमी आणि युफी या कंपन्यांनी जिना चढणारी यंत्रं दाखवली, बघायला फारच छान आहेत, पण त्यांच्यासाठी आज खरेदी थांबवू नका.

आणि जिन्याच्या पायऱ्यांवरचा केर, तो यातलं कुठलंच मशीन काढत नाही. लॅबचे केस पायरीच्या कोपऱ्यातच गोळा होतात. भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला, किंचित ओला करा आणि पायरीवरून स्वतःकडे ओढा, केसांची लांब गुंडाळी होऊन हातात येते. वरच्या पायरीपासून सुरुवात करायची. आमचा चौदा पायऱ्यांचा जिना सात-आठ मिनिटांत होतो.

आमच्या प्रत्येक दाराखाली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे. रोबोट त्या पट्टीपाशी येतो, थांबतो, मागे जातो आणि शेवटी एरर देऊन बंद पडतो. मित्राने सांगितलं की खालच्या सेन्सरवर पांढरी चिकटपट्टी लाव, प्रॉब्लेम खल्लास. लावू का? घरी दोन मांजरी आहेत आणि डुप्लेक्स आहे.

नाही. अजिबात लावू नका. आज पट्टी लावलेली असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच काढा.

कारण तेच, वर सांगितलं ते. काळा रंग तो इन्फ्रारेड उजेड शोषून घेतो, परत फारसं काही येत नाही आणि रोबोटला वाटतं खड्डा आहे. काळी पट्टी, गडद रंगाचा गालिचा, काळी-पांढरी चौकडीची फरशी, सगळीकडे हेच होतं. सेन्सरवर चिकटपट्टी लावली की त्याला कायम जमीनच दिसते, म्हणजे काळी पट्टीही ओलांडतो आणि जिनाही. ज्यांचा फ्लॅट एका पातळीवर आहे ते लोक हा उपाय सांगतात, त्यांच्याकडे तो चालूनही जातो, पण जिन्याच्या घरात ते साडेतीन किलोचं वजन आपण स्वतःच वरून सोडतोय.

आमच्या नात्यातल्या एका घरात हे झालेलं मी बघितलंय. चिकटपट्टी लावून आठ दिवस सगळं मजेत चाललं होतं, नवव्या दिवशी दुपारी मशीन वरच्या पायरीवरून सुटलं. त्यांची मांजर रोज चौथ्या पायरीवर झोपायची, ऊन यायचं तिथे. पहिल्या पायरीवरच्या आवाजाने ती उठली आणि कठड्यातून खाली उडी मारली म्हणून वाचली. मशीनची लेझरची टोपी फुटली ती गोष्ट वेगळी, पण ती मांजर पुढे महिनाभर जिन्याला पाय लावत नव्हती, वर राहिली तर वरच, तिथूनच ओरडायची आणि कोणीतरी जाऊन उचलून आणायचं.

मग करायचं काय. आधी सेन्सरच्या काचा कोरड्या मऊ कापडाने पुसा, केस आणि धूळ बसली असेल तरी हीच एरर येते. तेवढ्याने नाही भागलं तर त्या पट्टीवरच फिकट रंगाची रुंद चिकटपट्टी किंवा पातळ फिकट मॅट लावा, म्हणजे रोबोटचे डोळे न झाकता जमिनीचा रंग बदलायचा. चौकटीतल्या पट्टीला चालतं हे. जिन्याच्या पहिल्या पायरीची कडा मात्र काळी असेल तर ती तशीच राहू द्या, तिथे रोबोट लवकर थांबला तर बरंच आहे. आणि दिवाणखान्यातून बेडरूममध्ये तो जातच नसेल तर बेडरूमची वेगळी पाळी लावा, उचलून आत ठेवायचं आणि दार लावायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

तीन महिन्यांचं पिल्लू आणलंय, देशीच आहे, अजून शी-शूची सवय लागायचीय. रोबोट रात्री दोनला लावते म्हणजे सकाळी घर स्वच्छ मिळतं. काही त्रास होईल का?

होईल, आणि मोठा होईल, म्हणून आज रात्रीपासूनच ते टायमिंग बंद करा.

आमच्याकडे पहिल्याच वर्षी झालं. राणीचं पोट बिघडलं होतं, रात्री कधीतरी किचनच्या दारात झालं आणि पहाटे चारला मशीन निघालं. ते गेलं तसं पुढे पसरत गेलं, पॅसेजभर समांतर पट्टे, डायनिंगच्या खुर्च्यांच्या पायांभोवती गोल गोल, आणि चाकांच्या खाचांमधून हॉलच्या गालिच्यावर. सकाळी साडेसहा ते अकरा आम्ही तिघं पुसत होतो.

कॅमेऱ्याची मशीन्स अशा गोष्टी ओळखून बाजूने जातात हे खरं आहे. आयरोबॉट कंपनीने २०२१ मध्ये रूंबा या रोबोटचं जे-सेव्हन-प्लस मॉडेल काढलं तेव्हा तर प्राण्याची घट्ट शी टाळली नाही तर मशीन बदलून देऊ अशी हमीच जाहीर केली होती. पण त्या हमीतला शब्द घट्ट हा होता. पातळ झालेलं, शू, मांजरीने ओकलेला केसांचा गोळा, हे फरशीवर डागासारखं दिसतं आणि ते ओळखलं जाईलच असं धरून चालू नका. अंधारात तर नाहीच. पिल्लाची सवय पक्की होईपर्यंत रोबोट फक्त माणूस घरात जागं असताना, आणि सोडण्याआधी एकदा डोळ्यांनी फरशी बघून. आमच्याकडे आता राणीचं सकाळचं फिरणं झाल्यावर, साडेआठला, बटण दाबून चालू करतो. टायमर लावत नाही. सवय लागलेलं मोठं कुत्रंसुद्धा एखाद्या रात्री आजारी पडतंच.

आणि झालंच तर काय करायचं तेही लिहून ठेवते. मशीन आधी बंद करा, डॉकवर परत जाऊ देऊ नका. हातमोजे घाला. मेन ब्रश, साइड ब्रश, कचऱ्याचा डबा आणि पुढचं छोटं चाक, हे सगळं निघतं, ते साबणाच्या पाण्यात. पुढचं चाक बोटाने ओढलं की बाहेर येतं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मशीनचं अंग मात्र नळाखाली धरायचं नाही, जुना टूथब्रश आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घेऊन मोठ्या चाकांच्या खाचा साफ करायच्या. फिल्टरला लागलं असेल तर तो टाकूनच द्या. फरशी पुसायला अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नका, तो वास शूसारखाच असतो आणि पिल्लू परत तिथेच जाऊन बसतं. पेट शॉपमध्ये एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते आणून ठेवा. घरात रांगतं बाळ असेल तर जास्तच नीट पुसा, पिल्लांच्या शीमध्ये जंतांची अंडी असू शकतात. जंताचं औषध द्यायचं राहिलंय का तेही बघा.

रोबोटच्या पाण्याच्या टाकीत थोडं फिनाइल टाकलं तर चालेल का? नुसत्या पाण्याने पुसलेलं मनाला पटत नाही. मांजर आहे घरी. (पुणे)

पटत नाही हे समजतं, आपल्याकडे फिनाइलचा वास आला की मगच लादी पुसल्यासारखी वाटते. पण मांजरीच्या घरात फिनाइल नकोच, रोबोटमध्येही नको आणि बादलीतही नको. काळ्या फिनाइलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असतात आणि ती शरीरातून बाहेर टाकायची मांजरीच्या यकृताची ताकद फारच कमी असते. माणूस लादीवरून चालतो आणि पाय धुतो. मांजर चालते आणि पंजे चाटते. पांढऱ्या फिनाइलमध्ये पाइन तेल असतं, तेही मांजरींना चांगलं नाही. शिवाय रोबोटच्या टाकीतून पाणी बारीक नळ्यांमधून आणि छोट्या पंपातून झिरपतं, तेलकट काही टाकलं की त्या तुंबतात, आणि मग वॉरंटीतही बसत नाही.

साधं पाणी टाका, किंवा मशीनच्या कंपनीने सांगितलेलं द्रावण अगदी थोडं. बोअरचं पाणी असेल तर फिल्टरचं वापरा, क्षार बसतात. खरा फरक पोछ्याच्या कापडाने पडतो, ते रोज धुऊन उन्हात वाळवा. ओलं कापड मशीनलाच लावून ठेवलं की दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास येतो आणि मग फिनाइलची आठवण येते.

न्यू जर्सीहून लिहितेय. तीन लेव्हलचं टाउनहाऊस, मधल्या आणि वरच्या लेव्हलला कार्पेट, मांजरीचा लिटर बॉक्स (शी-शूची पेटी) बेसमेंटला. रोबोट बेसमेंटला सोडला की लिटरचे कण सगळीकडे चिखलासारखे होतात. असं का?

कारण तुमचं लिटर बहुतेक बेंटोनाइटचं असणार, ती मातीच आहे, ओल लागली की गोळा होते हाच तिचा गुण. मशीन आधी ओढतं आणि मागून पोछा फिरवतं, ओढताना जे दोन-चार दाणे सुटतात त्यांचा पोछ्याखाली चिखल होतो. लिटर बॉक्सभोवती चारेक फूट पोछाबंदी करा, ॲपमध्ये तशी चौकट आखता येते, तिथे फक्त कोरडं. आणि बॉक्ससमोर खाचांची रबरी मॅट टाका, मांजर बाहेर येताना पंजे तिथेच झडतात. कार्पेटच्या दोन लेव्हलला नेताना पोछ्याचा भाग काढूनच न्या, पोछा उचलून घेणारी मशीनही तो थोडे मिलिमीटरच उचलतात आणि जाड कार्पेटला ते पुरत नाही.

आमची कुत्री बारा वर्षांची आहे, तिला कमी ऐकू येतं. मुलाने रोबोट पाठवलाय. घर जुनं, उंबऱ्यांचं. ती सकाळी अंगणात उन्हाला बसते आणि दुपारी हॉलमध्ये फरशीवर झोपते, रोबोट येऊन तिला धडकतो आणि ती दचकून उठते. मला बघवत नाही पण मुलाला कसं सांगू. (कोल्हापूर)

काका, मुलाला हेच सांगा जे मला लिहिलंय. आणि मशीन परत पाठवायची गरज नाही, फक्त वेळ आणि जागा बदलायची.

म्हाताऱ्या कुत्रीला येणारं मशीन ऐकू येत नाही, तिला कळतं ते एकदम धक्का बसल्यावरच, म्हणून ती दचकते. तिची झोपायची जागा ॲपमध्ये नो-गो झोन, म्हणजे मशीनला बंदी असलेली जागा, करा, ऐसपैस, चारी बाजूंनी हातभर जास्त. ॲपचं जमत नसेल तर ती असेल त्या खोलीत मशीन नको, एवढा एकच नियम. ती सकाळी अंगणात उन्हाला बसते ना, तेव्हा हॉल. दुपारी हॉलमध्ये झोपली की वरची खोली.

केसांचंही लक्षात ठेवा. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात जमिनीवर झोपलेल्या एका बाईंचे केस रोबोटने ओढून घेतले होते आणि ते सोडवायला बचाव पथकाला यावं लागलं होतं. लांब केसांची ल्हासा किंवा शित्झू असेल, किंवा तुमच्या घरात दुपारी कोणी चटईवर आडवं होत असेल, तर तेव्हा मशीन बंदच पाहिजे.

सवय लावायची असेल तर पहिले तीन-चार दिवस मशीन बंद ठेवूनच खोलीत असू द्या, हुंगू द्या. मग शेजारच्या खोलीत चालू करा आणि तुम्ही इकडे तिच्याजवळ बसून भाकरीचा तुकडा द्या. जमिनीवर बसून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलात तरी चालेल. कचरा आपोआप ओढून घेणारं उंच डॉक असेल तर ते तिच्या जागेपासून लांब ठेवा, त्याचा दहा-पंधरा सेकंदांचा आवाज मशीनपेक्षा मोठा असतो आणि फरशीतून कंपनं जातात, बहिऱ्या कुत्र्यांना ती कळतात.

जुनं घर आहे म्हणता, तर उंबऱ्याचंही. उंच उंबरा ओलांडायला सुताराकडून लाकडी उतार करून घ्या, पण जिथे रोज रांगोळी असते तो उंबरा मशीनला बंदच ठेवा.

पावसाळ्यात कुत्र्याला गोचीड आणि पिसवा होतात. रोबोट रोज चालवला तर कमी होतील का?

पिसवांना मदत होते, गोचिडांना फारशी नाही. पिसवांची अंडी चिकट नसतात, कुत्र्याच्या अंगावरून घरंगळून फरशीवर पडतात, त्यामुळे रोज ओढलं की खूपशी जातात. कोषातल्या पिसवा व्हॅक्यूमच्या हादऱ्याने बाहेरही येतात, म्हणून पहिल्या आठवड्यात उलट वाढल्यासारख्या वाटतील, तेव्हा घाबरून मशीन थांबवू नका. डबा मात्र घराबाहेर जाऊन रिकामा करायचा, पिशवीला गाठ मारून. गोचीड भिंतीवर चढते, चौकटीच्या फटीत, स्विचबोर्डमागे अंडी घालते आणि तीही हजारांनी, तिथे रोबोट पोचत नाही. त्यासाठी कुत्र्यावर औषधच लागतं, ते डॉक्टरांना विचारून. कुत्रं मलूल असेल, ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा, गोचीडतापात उशीर करू नये.

घरात मांजरही असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजरीच्या जिवावर बेतू शकतं. दोघं एकमेकांना चिकटून झोपत असतील तर औषध वाळेपर्यंत त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवा.